मागितलेलं इंजिन

१

पाऊण वाजता मी अश्विनीच्या गाडीचं बॉनेट उघडून आत हात घातला. इंजिनावरचं सील चाचपायचं होतं. तार बोटांना लागली, टोचली नाही, पण हलली. सीलची तार कधी हलत नसते. वाकून बघितलं तर ती मधोमध तोडलेली होती आणि मीच दाबलेला शिशाचा बिल्ला एका अंगाला लोंबत होता.

"काय झालं, सर?" मागून संयमनं विचारलं. त्याच्या हातात बारा हजारांची गड्डी होती.

मी बॉनेट पटकन खाली घेतलं, पण उशीर झाला होता. कळंबच्या वजनकाट्याच्या आवारात त्या दुपारी दीडशे माणसं तरी होती आणि निम्म्यांनी माझा चेहरा वाचला असणार. माझ्या तोंडावर काही लपत नाही. म्हणून तर मी जन्मात कधी पत्ते खेळलो नाही.

"सील तुटलंय," मी म्हणालो.

अश्विनी पुढं आली. पंधरा मिनिटांपूर्वी हिला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. तिनं बॉनेट पुन्हा उघडलं, तार बघितली आणि शांतपणे म्हणाली, "मी न्हाई तोडलं, सर."

"चोराच्या उलट्या बोंबा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. कोण ते मला आजही माहीत नाही, आणि कळलं तर त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावीन.

२

हे २००४ सालच्या मार्चमधलं. आमचा क्लब म्हणजे जुन्या मारुती गाड्यांचा. वजनकाट्याच्या मागं, नदीकडच्या पडीक रानात आम्ही मातीचा एक वळणावळणाचा रस्ता आखला होता. एका वेळी एकच गाडी सोडायची, एक फेरी, ज्याला वेळ कमी तो पहिला. मी शाळेत पीटीचा मास्तर. माझ्याकडं स्टॉपवॉच होतं, तेवढ्या भांडवलावर मला चिटणीस केलं.

पहिल्या वर्षी अकरा गाड्या होत्या. दुसऱ्या वर्षी नारायणगावच्या शौर्यच्या वडिलांनी मुलाच्या गाडीत दोन लाख ओतले. द्राक्षाला त्या साली भाव होता. शौर्य सगळ्या शर्यती जिंकला आणि शेवटी मैदानात चार गाड्या उरल्या. ज्याच्या खिशात जास्त तोच पुढं, हे आधीच माहीत असेल तर रविवारी ऊन खायला कोण येणार?

तेव्हा क्लब वाचवला तो झुंबरआक्कानं. कळंबच्या रस्त्यावरचा वजनकाटा तिचा. आमच्या गाड्या तिच्याच काट्यावर चढायच्या, कारण चालकासकट गाडी सातशे वीस किलो भरलीच पाहिजे असा नियम होता. साठीची बाई, नाकावर चष्मा, आणि कांद्याचे ट्रक मोजून मोजून माणसाची लबाडी चालीवरून ओळखणारी. ड्रायव्हर काट्यावर चढताना टाकीत पाणी भरून आला का, हे ती खिडकीतून उठायच्या आत सांगायची.

"भावाभावांची वाटणी कशी करत्यात?" तिनं बैठकीत विचारलं होतं. "एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. मंग पाडणारा वाकडं पाडंल का? तसंच करा. वरसाच्या शेवटी पैल्या आलेल्याचं इंजिन बारा हजाराला कुणीबी मागावं. त्यानं दिलंच पायजे. मंग बघू कोण पन्नास हजार घालतंय."

हा मागणीचा नियम. त्यानं खर्च खरोखर उतरला आणि गाड्या पुन्हा अकरा झाल्या. गंमत म्हणजे दोन वर्षं कोणी इंजिन मागितलंच नाही. दुसऱ्याचं इंजिन मागणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं वाटायचं. नियम भिंतीवर होता, आणि भिंतीवरच शोभत होता.

त्या रविवारी मात्र शेवटची शर्यत संपली आणि दुसरा आलेला संयम उठून माझ्या टेबलाशी आला. "सर, माझी मागणी लिहून घ्या," म्हणाला. मंचरच्या बाजारपेठेत त्याच्या आजोबांचं, सुवालालशेठचं, भांड्यांचं दुकान. लोक कुजबुजले, पण नियम तो नियम.

मागणी झाली की इंजिन काढायच्या आधी सील बघायचं. ते बघायला मी गेलो आणि तार तुटलेली निघाली. सील तुटलं तर आमचा नियम असा: त्या दिवसाचे गुण शून्य आणि मागणी रद्द. अश्विनीचे आधीचे गुण इतके होते, की आज शून्य मिळूनही वर्षाची ढाल तिचीच राहत होती.

पण गोष्ट ढालीची नव्हती. पुण्याच्या एका रेसिंग संघाचा माणूस त्या दिवशी मुद्दाम आला होता. वर्षाच्या विजेत्याला तो आपल्या गाडीवर घेणार होता, खर्च संघाचा. अश्विनी घोडेगावच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवरून मंचरला दुधाची पिकअप आणायची, पहाटे साडेतीनला उठून, सहा वर्षं. असा माणूस तिच्या दारात परत येणार नव्हता.

तो गॉगल पुसत मला म्हणाला, "सर, मी चारला निघतो. हे सील कोणी तोडलं ते तोपर्यंत कळलं तर ठीक. शंका असलेला ड्रायव्हर मी नेत नाही."

एक वाजून गेला होता. मी झुंबरआक्काकडं बघितलं. ती खिडकीतून केव्हाच उठली होती.

३

तिनं आधी बॉनेट उघडून घेतलं आणि बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग चष्मा पदरानं पुसला आणि तारेवरून बोट फिरवलं.

"सर, ह्या नटांवरचा धुरळा बघा. कुणी पाना लावलाय का?"

नटांवर रस्त्याच्या तांबूस धुळीचा सारखा थर होता. कुठं ओरखडा नाही.

"न्हाई ना? अन् तार जिथं तुटलीया तिथं चकचकतीया. म्हंजी धुरळा बसल्यावर तोडली, शर्यतीनंतर. तोडून काय उघडलं? काय न्हाई. ही तार उघडाय तोडली न्हाई, सर. तुमाला दिसावी म्हणून तोडलीया."

गाडीखाली लाल मुठीची पक्कड सापडली. ती शौर्यची होती हे अकराही चालकांना माहीत होतं, कारण सकाळपासून बाकीच्या दहाही जणांनी ती मागून नेली होती. तरी गर्दी लगेच शौर्यकडं बघायला लागली. दोन लाखांचं वर्ष लोक विसरले नव्हते.

बारा वाजून दहा मिनिटांनी मागणी झाली, पाऊण वाजता मी बॉनेट उघडलं. मधल्या वेळात गर्दीला आवारात बंदी होती, मी सील बघायला निघालो तेव्हाच लोकांना आत सोडलं. आत तिघेच होते: संयम, शौर्य आणि अश्विनीचा मामा गेणूभाऊ. तिची गाडी तोच बांधायचा. अश्विनी तेवढा वेळ बाहेर लोकांच्या खांद्यावर होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"तिगांनाबी येकेक करून माज्याकडं धाडा," आक्का म्हणाली. "अन् ती कांद्याची पोती हिकडं वढा. बोलता बोलता कामबी व्हईल. सुतळी संपलीया, तारेनं तोंडं बांधाय सांगते."

मला वाटलं, बाईला आत्ताच पोत्यांचं काय सुचतंय! पण पोती ओढली. काट्यावर तिचा शब्द चालतो.

४

संयम आला. तिनं त्याच्या हातात तारेचा तुकडा दिला.

"मावशी, मी कशाला तोडू?" तो तार पिळत म्हणाला. "मी बारा हजार रोख घेऊन उभा होतो. सील तुटल्यावर माझी मागणीच गेली. वर आजचा पहिला नंबर माझा धरला तर माझंच इंजिन कोणीतरी मागेल. आई गं!"

तार त्याच्या अंगठ्यात घुसली होती. अंगठा चोखत त्यानं पोतं कसंबसं बंद केलं.

"पण मागितलंस कशापायी? दोन वरसं कुणी मागितलं न्हाई."

"गाडी सारखी, खर्च सारखा. सर साक्षीला आहेत, आज मी एक मिनिट बावन्न, ती एक मिनिट साडेअठ्ठेचाळीस. साडेतीन सेकंद कुठून येतात? इंजिनात असतील तर ते विकत घेता येतील. तिच्यात असतील तर मी गाडी विकून दुकानात बसतो. मला एवढंच कळून घ्यायचं होतं, मावशी."

मला त्याचं बोलणं आवडलं. हरणाऱ्यानं असा प्रश्न विचारायला छाती लागते.

शौर्य आला तो तावातावानं. "पक्कड माजी म्हणून चोर मी व्हय? दोन लाख पप्पांनी घातलं, मी न्हाई. त्या वरसापास्नं माज्याशी कुणी नीट बोलत न्हाई. आन् मी तिसरा हाय, राव! ही बाद झाली तर दुसरा व्हईन. दुसऱ्याला काय देता तुमी? टावेल!"

खरं होतं. दुसऱ्याला आम्ही टॉवेल द्यायचो, तोही पहिल्या धुण्यात रंग सोडणारा. शौर्यनं तारेला चार वेढे दिले, टोकं तशीच बाहेर काट्यासारखी सोडली आणि निघून गेला. मी धोतर नेसत असतो तर त्यात अडकलंच असतं, पण मी पँट घालतो.

शेवटी गेणूभाऊ. पन्नाशीचा, कमी बोलणारा. तरुणपणी नारायणगावच्या बागांमध्ये द्राक्षाचे मांडव बांधायला होता, मग मिस्त्रीकाम शिकला. अश्विनीला स्टिअरिंग त्यानंच धरायला शिकवलं, टेम्पोच्या सीटवर उशी ठेवून.

"गेणूभाऊ, आज एस्टीनं आलात जनू. राजदूत फटफटी कुठाय?"

"कामाला दिलीया येकाला."

"तुमी बॉनेटपाशी व्हता?"

"पाणी बघाय गेलतो. तवा सील चांगलं व्हतं का न्हाई, ध्यान न्हाई दिलं." त्याचे हात चालूच होते. तार ओढली, पीळ दिला, टोकं दाबली, पोतं बाजूला ठेवलं. "आक्का, पोरीनं काय केलं न्हाई. येवढं ल्याहा तुमी. तिनं काय सुदिक केलं न्हाई."

"ते मला ठावं हाय," आक्का म्हणाली.

तो गेल्यावर तिनं तिन्ही पोती शेजारी शेजारी उभी केली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, अश्विनीला बोलवा. तिला जुकायचीय."

५

कांदे तोलायचा लहान काटा खोलीच्या कोपऱ्यात होता. अश्विनी त्यावर उभी राहिली. एक्कावन्न किलो.

"सर, तुमचं रजिस्टर काय म्हणतंय? नवंबरात सगळ्यांना जुकलं व्हतं आपण."

मी पान उलटलं. अश्विनी, एक्कावन्न किलो.

झुंबरआक्का खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

"पोरी, तुज्या गाडीत वजन भराय मी कांद्याची गोणी देते. माजे कांदे, म्हणून जुकून देते. मोठा काटा पाच-पाच किलोनं उडतो, पर सातशे विसाचा आकडा पडंपर्यंत येक-येक कांदा टाकला की बरूबर कळतं किती लागलं. जानेवारीपर्यंत तुला एकवीस किलो लागायचं. फेब्रुवारीत चोवीस लागलं. आज बी चोवीस. मी गेणूभाऊला इचारलं तवा ते म्हणाले, पोर वाळलीया."

"मी कुठं वाळलीय?" अश्विनी म्हणाली.

"तू न्हाई वाळलीस. गाडी वाळली. तीन किलो. दारं तीच, काचा त्याच, शिटं तीच. मंग जे दिसत न्हाई तिथनंच गेलं आसंल." ती माझ्याकडं वळली. "सर, जानेवारीनंतर हिचं इंजिन कवा उघडलं?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. "फेब्रुवारीत. क्लच बदलायला. नियमानुसार सील मी काढलं. परत लावेपर्यंत मी तिथंच बसायचं असतं."

"अन् बसलात?"

"अर्धा तास. घरी मासवड्या होत्या. जेवलो, जरा आडवा झालो. पाचला येऊन सील लावलं आणि सही केली."

मासवडीच्या रश्श्यानं माझ्यावर आजवर खूप उपकार केलेत. एक अपकार मात्र तेव्हा केला.

"क्लच काढला की मागं फ्लायव्हील," अश्विनी हळूच म्हणाली. ती दुधाची गाडी स्वतः दुरुस्त करते, तिला सांगावं लागलं नाही. "फ्लायव्हील घासून हलकं केलं की गाडी पटकन उठती." ती खाली बघायला लागली. "उठत व्हती. मला जाणवलं व्हतं, आक्का. मामा म्हणला, क्लच नवा हाय. मी पुढं इचारलंच न्हाई."

आक्कानं मला पोत्यांकडं बोट दाखवलं. "आता ही तोंडं बघा, अन् मंग गाडीतली तार बघा."

संयमचं पोतं वाकडंतिकडं, तारेवर रक्ताचा ठिपका. शौर्यच्या पोत्याची टोकं बाहेर. गेणूभाऊच्या पोत्याची दोन्ही टोकं पक्कडीशिवाय, नुसत्या अंगठ्यानं आत वळवून दाबलेली. मी त्यावरून तळवा फिरवला. कुठं टोचलं नाही.

पाऊण वाजताही टोचलं नव्हतं. मी धावत जाऊन पुन्हा बॉनेट उघडलं. तुटलेल्या तारेची दोन्ही टोकं इवल्याशा कडीसारखी आत वळवलेली होती.

"द्राक्षाच्या मांडवात बाया दिसभर तारेखालनं हात घालत्यात," मी परत आल्यावर आक्का म्हणाली. "तिथं काम केलेला माणूस तारेचं टोक मोकळं सोडत न्हाई. सोडवतच न्हाई त्याला. त्यानं तार तोडली ती तुमाला फसवाय, सर. अन् टोकं वळवली ती तुमच्या हाताला लागू ने म्हणून. शौर्यच्या घरची बाग हाय, पर त्यानं कवा मांडव बांधलाय? बांधणारी मजूर येगळी."

सगळं उलगडत गेलं. सील तुटल्याचा फायदा संयमला नाही, शौर्यला नाही. फायदा एकच: इंजिन दुसऱ्याच्या हातात जात नाही, उघडलं जात नाही. आजचा दिवस गेला तरी वर्ष वाचतं. बोट देऊन हात वाचवायचा हिशोब होता तो. बेकायदा इंजिन सापडलं असतं तर अख्खं वर्ष बाद आणि पुढची दोन वर्षं बंदी.

दारात गेणूभाऊ उभा होता. कधीपासून ते कळलं नाही.

६

"पंचवीस हजार घातले," तो म्हणाला. "पुन्याहून हलकं फ्लायव्हील आन् इंजिनाला जादा जोर देनारा कॅम करून आणला. राजदूत इकली, वेल्डिंगचा संच इकला. कुणी कवा इंजिन मागतच न्हाई, म्हणलं कुणाला कळतंय? पुन्याचा मानूस येनार कळलं, तवा मला ऱ्हावलं न्हाई. शेजारी उभ्या गाड्यांत कुणी काय घातलंय कुणाला ठावं? आपलीच पोर का मागं ऱ्हावी?"

अश्विनी त्याच्याकडं बघत नव्हती. "मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं आस्तं तर तू काढाय लावलं आस्तंस."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. बाहेर पुण्याचा माणूस घड्याळ बघत फेऱ्या मारत होता.

झुंबरआक्कानं चष्मा काढला. "आता ऐक, पोरी. हे आपल्या चौघांत हाय. नियमानं सील तुटलं, दिवस गेला, मागणी गेली. कोण तोडलं ते सापडलं न्हाई, येवढं सरांनी सांगितलं तर ढाल तुजी. पुन्यावाला कदाचित नेईल, कदाचित न्हाई. मी काटेवाली हाय. आकडा काय पडला ते मी सांगितलं. पावती फाडायची का न्हाई, ते तू ठरव."

खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं हिनं गप्प बसावं. सहा वर्षं साडेतीनला उठलेली पोर. मासवड्या मी खाल्ल्या, शिक्षा हिनं का भोगावी? मी तसं बोलणारही होतो.

"बाहेर संयमला चोर म्हणायला लागलेत का, सर?" तिनं विचारलं.

"शौर्यला. त्याची पक्कड होती."

तिनं मान हलवली आणि बाहेर गेली. सरळ संयमपाशी. "तू इंजिन मागितलंस ना? घे. सगळ्यांसमोर उघड. त्यात फ्लायव्हील हलकं हाय आन् कॅम बदललाय. मला ठावं नव्हतं, पर गाडी माजी हाय. सील शौर्यनं न्हाई तोडलं. आमच्या घरनंच तुटलंय."

इतकी शांतता मी शाळेच्या प्रार्थनेतही कधी आणू शकलो नाही. पुण्याचा माणूस माझ्याकडं आला, संयमचा फोन नंबर लिहून घेतला आणि चारच्या आत निघून गेला. त्याला दोष देत नाही. पण त्यानं जाताना तिच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते, हे मात्र म्हणतो.

संयमनं पैसे खिशात ठेवले. "हे इंजिन मला नको. मला जे कळायचं होतं ते यातून कळणार नाही आता."

"कळंल," अश्विनी म्हणाली. "मलाबी कळाय पायजे. तुजी गाडी दे. येक फेरी."

त्यानं किल्ली दिली. "क्लच जरा जपून," एवढंच म्हणाला.

झुंबरआक्कानं बिनवजनाची फेरी होऊ दिली नाही. संयमची गाडी काट्यावर चढवली, अश्विनीला बसवलं आणि सातशे विसाचा आकडा पडेपर्यंत मागच्या बाजूला कांदे टाकले. बक्षीस नव्हतं, गुण नव्हते, तरी माणसं रस्त्याच्या कडेला परत येऊन उभी राहिली. मी घड्याळ हातात घेतलं आणि मग ते गेणूभाऊच्या हातात दिलं. का दिलं, मलाही नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी माझ्यापेक्षा तो आकडा त्यानं बघायला हवा होता.

धूळ उठली. पहिलं वळण, नदीकडची सरळ पट्टी, बाभळीजवळचं अवघड वळण, जिथं बाकीचे ब्रेक दाबतात आणि ती दाबत नाही. गाडी रेषेवरून गेली. गेणूभाऊनं बटण दाबलं आणि घड्याळाकडं बघत राहिला.

"किती?" संयमनं विचारलं.

"येक पन्नास."

संयमची स्वतःची वेळ एक बावन्न. तिची सकाळची एक साडेअठ्ठेचाळीस.

"म्हणजे साडेतीनातले दोन तिचे," संयम सावकाश म्हणाला. "दीड इंजिनाचे."

"पंचवीस हजाराला दीड," झुंबरआक्का म्हणाली. "अन् हे दोन कुटं इकत मिळत न्हाईत, पोरा. दुकान आताच उघडू नगंस, शिक अजून."

गेणूभाऊला हिशोब कळायला थोडा वेळ लागला. मग तो तिथंच बांधावर बसला. घड्याळ त्याच्या मुठीत होतं. "आक्का, म्हंजी मी काय केलं नसतं, तरी..."

"तरी ती दोन सेकंदानं पुढं व्हती," आक्का म्हणाली. तिनं आवाज खाली घेतला, पण शब्द बदलला नाही.

तो रडला. मोठा माणूस चारचौघांत रडतो तेव्हा काय करायचं ते मला बीपीएडमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. मी त्याच्या हातातून घड्याळ घेतलं आणि शेजारी बसलो. मग रजिस्टर उघडून त्याच्यासमोरच लिहिलं: फेब्रुवारीत सील उघडं असताना चिटणीस जागेवर नव्हते. खाली सही केली. ढाल संयमच्या नावावर लिहिली. अश्विनीच्या नावापुढं दोन वर्षं बंदी लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

गर्दी पांगली. अश्विनीनं संयमच्या गाडीतले कांदे उतरवून आक्काच्या ढिगावर नेऊन टाकले, आवाराबाहेर उभी असलेली दुधाची पिकअप चालू केली आणि कोणाकडं न बघता रस्त्याकडं निघाली. गेणूभाऊ एस्टीच्या थांब्याकडं चालत होता. तोल गेल्यासारखा, एका बाजूनं.

पिकअप त्याच्या पुढं गेली. पन्नास पावलांवर थांबली. तो तिथपर्यंत पोचला तरी ती आत बसूनच होती, समोर बघत. मग वाकून तिनं डावीकडचं दार आतून उघडलं.

"बसा," ती म्हणाली. "पहाटं साडेतीनला गाडी काढायची हाय. ब्रेकचं काम ऱ्हायलंय."